कॅम्पर व्हॅन: पंप लावला की लाइट मंदावतात, सोसायटीच्या प्लगला जोडली की बॉडीला झिणझिण्या. अर्थिंग कुठून तपासू?

घोडबंदर_कॅम्पर (ठाणे)

डिझेल व्हॅनवर बांधून घेतलेली गाडी आहे, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. मागे १२ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १५०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर, ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना मागची बॅटरी भरणारा), छतावर सोलर. २३० व्होल्टसाठी बाहेरून १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट (इनलेट), आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारी) आणि दोन एमसीबी (करंट फार वाढला की पडणाऱ्या).

तक्रारी अशा:

१. पाण्याचा पंप चालू झाला की आतले एलईडी मंदावतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला जातो आणि बंद पडतो. त्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर १३.२ व्होल्ट, फ्रिजच्या टर्मिनलवर ११.६.

२. सोसायटीच्या थ्री-पिन सॉकेटला केबल जोडून ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर पेटतो. बॉडी आणि जवळचा नळ यांच्यात मल्टिमीटर ९० ते ११० व्होल्ट दाखवतो. आरसीसीबी पडत नाही. तिचं टेस्ट बटण दाबलं की मात्र लगेच पडते, इन्व्हर्टरवरसुद्धा. म्हणजे ती ठीक आहे ना?

बॉडीवाल्याने सगळ्या निगेटिव्ह वायरी जवळच्या पत्र्याला स्क्रू मारून दिल्या आहेत. एका इलेक्ट्रिशियनने सुचवलं की प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करून टाका, झिणझिण्या जातील. करू का?

---

तुर्भे_वायरिंग

नाही. ते करू नका, आणि ज्याने सुचवलं त्याला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नका.

प्लगमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडलं की सॉकेटची न्यूट्रल कधी सुटली किंवा कुठल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे असले तर गाडीचा सगळा पत्रा थेट २३० व्होल्टवर येतो. मध्ये काहीही नाही. आरसीसीबीसुद्धा वाचवणार नाही, कारण तुमची जोडणी तिच्या आधी आहे.

दुसरं म्हणजे या दोन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली १२ व्होल्टच्या परतीच्या रस्त्याची, दुसरी २३० व्होल्टच्या संरक्षक अर्थची. दोन्हीला आपण "अर्थ" म्हणतो म्हणून गोंधळ होतो. दुसरीचं निदान होईपर्यंत गाडी सॉकेटला लावू नका. सोलर आहे, भागेल.

---

सव्वातेरा_व्होल्ट (नेरूळ)

१२ व्होल्टचं मी सांगतो, २३० वर दुसरं कोणी लिहील.

मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थ तपासायच्या फंदात पडू नका. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो आणि तुम्हाला शोधायचाय तो ०.०५ ओहम. तो मीटरला दिसत नाही, पण २० अँपिअर वाहताना तेवढ्यावर १ व्होल्ट खाल्ला जातो आणि २० वॅटची उष्णता त्या एका स्क्रूखाली तयार होते. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. बंद गाडीत सगळे सांधे चांगलेच दिसतात.

कृती: पंप, पंखा, फ्रिज, लाइट सगळं चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब मागच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर टेकवा, थिंबलवर (केबलच्या टोकाची धातूची कडी) किंवा नटवर नाही, खुद्द पोस्टच्या धातूवर. ती तिथेच राहू द्या. लागेल तर दोन-तीन मीटर वायर जोडून तिची लांबी वाढवा. आता लाल प्रोब क्रमाने पुढे न्या:

बॅटरीवरचं थिंबल, केबलच्या दुसऱ्या टोकाचं थिंबल, तिथला बोल्ट, बोल्टच्या बाजूचा खरवडलेला चासीचा पत्रा, मग फ्रिजजवळचा पत्रा, तिथला स्क्रू, त्या वायरीचं थिंबल, शेवटी फ्रिजचं निगेटिव्ह टर्मिनल.

प्रत्येक ठिकाणी आकडा लिहा. दोन शेजारच्या बिंदूंमध्ये जिथे आकडा एकदम उडी मारतो तो सांधा गुन्हेगार. अंदाजाने सगळे स्क्रू आवळत बसू नका. आवळल्यावर तात्पुरतं ठीक होतं आणि पावसाळ्यात पुन्हा तेच. बॅटरी पोस्टपासून चासीपर्यंत ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर तिथे काम आहे.

मग हेच पॉझिटिव्ह बाजूने करा, बॅटरी पॉझिटिव्ह ते फ्रिज पॉझिटिव्ह. १.६ व्होल्ट कुठे गेले त्याचा हिशोब दोन्ही बाजू मिळून जुळला पाहिजे. जुळला नाही तर मोजताना लोड बदललाय.

एक चाचणी पुढच्या, इंजिनच्या बॅटरीचीही करा. काळी प्रोब तिच्या निगेटिव्ह पोस्टवर, लाल इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, कोणाला तरी सेल मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर इंजिन ते चासीची विणलेली पट्टी गेली आहे. ती गेली की स्टार्टरचे शेकडो अँपिअर दुसरा रस्ता शोधतात, आणि कॅम्परमध्ये तो रस्ता तुमच्या डीसी-डीसी चार्जरच्या निगेटिव्ह वायरीतून जाऊ शकतो. त्या वायरीला फ्यूज नसतो. वायर वितळलेली दिसते, लोक चार्जरला दोष देतात.

आकडे टाका, मग दुरुस्ती सांगतो.

---

खाडीकिनारा (ठाणे)

२३० बाजू.

आधी झिणझिण्या का येतात ते. चार्जर, लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर, इंडक्शन शेगडी या सगळ्यांत गोंगाट गाळण्यासाठी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात, साधारण २.२ नॅनोफॅरडचे, कधी ४.७ चे. ते बिघाड म्हणून नाही, मुद्दाम असतात. त्यांच्यातून गळणारा करंट अर्थने जमिनीत जावा अशी योजना आहे. अर्थ तुटलेला असला तर दोन कपॅसिटर मिळून बॉडीला मधल्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, उचलून धरतात. तुमचे ९० ते ११० तिथून आले असावेत. घरात फ्रिजला असं होतं तेव्हा एकच पत्रा असतो. इथे अख्खी गाडी रबरी टायरवर उभी, जमिनीपासून तुटलेली.

५० हर्ट्झला २.२ नॅनोफॅरड म्हणजे साधारण १.४५ मेगाओहम. बॉडी जमिनीला टेकवली तर एका उपकरणाचा ०.१६ मिलिअँपिअर. अशी चार-पाच उपकरणं झाली की ०.७ मिलिअँपिअर, आणि माणसाला अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास जाणवायला लागतं. कोरड्या चपलेत कळत नाही, ओल्या फरशीवर कळतं. आरसीसीबी ३० ला पडते, ती कशाला हलेल?

टेस्टर पेटला यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यातल्या निऑन दिव्याला पेटायला अगदी नगण्य करंट पुरतो. टेस्टर तुम्हाला खरा बिघाड आणि कपॅसिटरची गळती यातला फरक सांगूच शकत नाही.

पण "गळतीच आहे, चालतंय" असं म्हणून सोडू नका. झिणझिण्यांचा खरा निरोप एवढाच की बॉडीचा अर्थ जमिनीपर्यंत पोहोचत नाहीये. उद्या गीझरचं एलिमेंट फुटलं की तोच पत्रा कपॅसिटरमधून नाही, थेट फेजवर येईल, आणि आरसीसीबी पडेल ती कोणीतरी हात लावल्यावर. तोपर्यंत परतीचा रस्ताच नाही तर ती फरक कसला मोजणार?

टेस्ट बटणाचं: ते आरसीसीबीच्या आतच एका रेझिस्टन्समधून फेजचा थोडा करंट दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला वळवतं. अर्थची वायर त्यात कुठेच येत नाही. बटणाने यंत्रणा हलते एवढंच सिद्ध होतं. अर्थ मुळापासून तुटलेला असला तरी बटण दाबलं की ती पडणारच. हा गैरसमज इतका पसरलाय की वायरमन मंडळीही बटण दाखवून काम पास करतात.

तपासणीचा क्रम, आणि हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या:

गाडी काढून ठेवा, फक्त सोसायटीचं सॉकेट. समोरून पाहताना मोठी पिन वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थ भलताच काही दाखवत असेल, ४० किंवा ८० किंवा डोलणारा आकडा, तर तो हवेतला आहे, अर्थ उघडा आहे.

आकडे बरोबर आले तरी समाधान मानू नका, कारण डिजिटल मीटर कुजलेल्या अर्थवरही २३० दाखवतो. लोड द्यायला हवा. लूप टेस्टर (अर्थच्या रस्त्याचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये दोन-तीन सेकंद. सोसायटीच्या पॅनेलमध्ये आरसीसीबी असेल तर ती ताबडतोब पडेल, म्हणजे रस्ता आहे. नसेल तर बल्ब पेटलेला असताना न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा आणि ०.२६ ने भागा. ५ व्होल्ट आले तर साधारण २० ओहम. बल्ब पेटलाच नाही तर अर्थ गेलेला आहे. सावध राहा: अर्थ पुढे कुठे तुटलेला असेल तर या चाचणीत त्याच अर्थ वायरीवरची दुसरी उपकरणं बल्बमार्गे फेजवर येतात. पंपहाउसला किंवा लिफ्टच्या पॅनेलला कोणी हात लावून उभं नाही ना ते बघून करा. आणि ही चाचणी गाडी जोडलेली असताना कधीच नाही, कारण मग ते "दुसरं उपकरण" म्हणजे तुमची गाडी.

२० ओहम बरे की वाईट? एमसीबीच्या दृष्टीने वाईट. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर, १६ ची एमसीबी यावर कधीच पडणार नाही, बॉडी तशीच जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र २० ओहम भरपूर झाले. म्हणून मी सोसायटीच्या पॉइंटवरच ३० मिलिअँपिअरची डबल पोल आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र) बसवायला सांगेन. गाडीतली आरसीसीबी बाहेरच्या केबलला आणि इनलेटला सांभाळत नाही, ती त्यांच्या नंतर आहे.

सॉकेट ठीक निघालं तर केबल: तीन कोर, २.५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर), हिरव्या-पिवळ्या वायरीची कंटिन्युइटी टोकापासून टोकापर्यंत, केबल वाकवून-हलवून. मग इनलेटचा अर्थ पिन ते आतल्या अर्थ बसबारपर्यंत (सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात ती पट्टी), आणि तिथून चासीपर्यंत. या शेवटच्या दुव्याला वेगळी ६ स्क्वेअरची हिरवी वायर आणि स्वतःचा बोल्ट हवा. १२ व्होल्टच्या निगेटिव्हच्या बोल्टवर ती टांगू नका.

---

घोडबंदर_कॅम्पर

मोजमाप झालं. सगळं चालू असताना क्लॅम्प मीटरवर १८ अँपिअर.

बॅटरी पोस्ट ते चासीचा पत्रा: ०.९ व्होल्ट. त्यातले ०.८ एकट्या बोल्ट ते पत्रा यात. चासी ते फ्रिजचं निगेटिव्ह: ०.५. पॉझिटिव्ह बाजू: ०.२. सेल मारताना इंजिन ब्लॉक: ०.१५.

सोसायटीचं सॉकेट: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ६० च्या आसपास डोलतं. वायरमनने बल्ब लावला, पेटला नाही. सॉकेट उघडलं तर अर्थची वायर मागे टेप मारून गुंडाळलेली.

---

सव्वातेरा_व्होल्ट

०.९ अधिक ०.५ अधिक ०.२, बरोबर १.६. हिशोब लागला. सेलचा आकडा चांगला आहे, इंजिनकडे जाऊ नका.

मुख्य बोल्टवर ०.८ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे १४ वॅटच्या वर तापतोय. हात लावून बघा, कोमट लागेल. बहुधा रंगावर किंवा अंडरकोटिंगवरच थिंबल आवळलंय आणि संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून आहे.

दुरुस्ती: आधी सोलर तोडा, मग बॅटरी. सोलर चालू ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलरला ते मानवत नाही. चासीला नवीन भोक पाडू नका, कंपनीचा अर्थ स्टड किंवा रिकामं भोक मिळतंच. थिंबलपेक्षा थोडी मोठी गोल जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. एम-८ बोल्ट. क्रम महत्त्वाचा: चासीचा पत्रा, दातेरी वॉशर, थिंबल, साधा वॉशर, नायलॉक नट. थिंबल आणि पत्रा यांच्यामध्ये साधा स्टीलचा वॉशर घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक; मग करंट त्या वॉशरमधून जातो आणि गंजायला दोन जास्तीचे पृष्ठभाग मिळतात. साधारण २० न्यूटन-मीटरने आवळा. आवळल्यानंतर वरून झिंक स्प्रे मारा, तो वाळला की व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा. खाडीची हवा आणि पावसाळ्यात चाकांनी उडणारा चिखल या दोन्हींसाठी ते लागतं.

केबल: इन्व्हर्टर १५०० वॅटचा, म्हणजे पूर्ण लोडला १४० अँपिअरच्या घरात. बॅटरी निगेटिव्ह ते चासीची केबल इन्व्हर्टरच्या केबलइतकीच जाड हवी, किमान ३५ स्क्वेअर. रोज एवढा करंट तिथून जाणार म्हणून नव्हे. पॉझिटिव्ह कुठे पत्र्याला टेकला तर फ्यूज उडेपर्यंत तिने तग धरायला हवा. इन्व्हर्टरचं निगेटिव्ह चासीतून आणू नका, थेट बसबारवर.

फ्रिजचा ०.५: पत्रास्क्रू काढून टाका. फ्रिजला दोन्ही वायरी, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, ६ स्क्वेअरच्या थेट फ्यूज बॉक्स आणि निगेटिव्ह बसबारपर्यंत न्या. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन १० मीटर, ३३ मिलिओहम, ५ अँपिअरला ०.१७ व्होल्ट. चालेल. ४ स्क्वेअरला ०.२५ होतो, तोही चालतो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त ओढतो म्हणून ६.

पंप, पंखा, लाइट, सगळ्यांचं हेच करा. पत्रास्क्रूला दोन-तीन आट्यांची पकड असते, खड्ड्यांतून हजार किलोमीटर गेल्यावर ती सैल होणारच. आत कंपोझिट पॅनेल असेल तर स्क्रू ज्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याला लागलाय तो चासीला जोडलेलाच नसतो कधीकधी. टिन केलेली तांब्याची थिंबलं घ्या, मुंबईच्या लोहार चाळीत सगळ्या मापात मिळतात, आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं नको. सोल्डरही नको, सोल्डर संपतो तिथे वायर कडक होऊन हादऱ्याने तुटते.

---

तुर्भे_वायरिंग

बॅटरी मॉनिटरचा शंट (ज्यावरून करंट मोजतात ती पट्टी) असेल तर वरच्यात एक भर. शंट बॅटरी पोस्ट आणि बसबारच्या मध्ये, आणि पोस्टवर शंटशिवाय दुसरी एकही वायर नाही. चासीची केबलसुद्धा शंटच्या पलीकडच्या बाजूला. नाहीतर डीसी-डीसी चार्जरचा करंट मोजलाच जात नाही आणि मॉनिटर ४० टक्के दाखवत असताना बॅटरी भरलेली असते.

---

रानवाटा_४३

सोसायटीची कमिटी अर्थ दुरुस्त करेपर्यंत गाडीशेजारी लोखंडी सळई ठोकून तिला बॉडी जोडली तर? गॅसच्या पाइपलाही जोडता येईल ना, तो चासीला टेकलेलाच आहे.

---

खाडीकिनारा

गॅसचा पाइप मुळीच नाही. तो चासीला बाँड करायचा, म्हणजे नुसता जोडून ठेवायचा असतो, करंट वाहून न्यायला वापरायचा नसतो. फरक मोठा आहे.

सळई: फूटभर लांबीची, १२ मिलिमीटर जाड, बऱ्यापैकी ओल्या मातीत ठोकली तरी २०० ओहमच्या पुढेच जाते. मुरुमात किंवा घाटावरच्या कातळात याच्या कित्येक पट. २०० ओहमला आरसीसीबी पडेल, कारण ३० मिलिअँपिअर गुणिले २०० म्हणजे ६ व्होल्ट. झिणझिण्याही जातील. एमसीबीसाठी मात्र ती नसल्यासारखीच. म्हणजे कॅम्पसाइटवर आरसीसीबीच्या जोडीला सळई ठीक, सोसायटीच्या काँक्रीट पार्किंगमध्ये ती ठोकणार कुठे? तिथे टेप मारलेली वायर परत पिनला लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. फक्त आधी ती वायर दुसऱ्या टोकाला कशाला जोडली आहे ते बघा. कोणीतरी ती मुद्दाम काढली असेल तर कारण असतं. बहुतेक वेळा त्या अर्थवर दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाची गळती येत असते आणि "शॉक बसतो" म्हणून वायर काढून टाकतात. लावण्यापूर्वी ती वायर आणि न्यूट्रल यांच्यात व्होल्टेज मोजा आणि पुन्हा बल्ब लावा.

अर्थ जोडल्यावर गाडीत मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करून घ्या: इन्व्हर्टर, चार्जर, सगळी उपकरणं काढून, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध ५०० व्होल्टला. १ मेगाओहमच्या खाली आलं तर वायरिंगमध्ये ओल आहे. इनलेटपासून बघायला लागा, त्याच्या मागच्या डब्यात पाणी साचतं.

---

घोडबंदर_कॅम्पर

इन्व्हर्टरवर असताना आरसीसीबीचा उपयोग होतो का? बाहेरची केबल तेव्हा काढलेलीच असते.

---

खाडीकिनारा

आहे तशी, नाही. तुमच्या इन्व्हर्टरचं आउटपुट बहुधा तरंगतं असेल, दोन्ही वायरींचा चासीशी संबंध नाही. पहिला बिघाड झाला तर काहीच होत नाही, ना शॉक ना ट्रिप. दुसऱ्या वायरीवर दुसरा बिघाड झाला की मात्र गाठ पडते.

आरसीसीबी कामाला लावायची तर इन्व्हर्टरच्या आउटपुटची एक बाजू न्यूट्रल ठरवून चासीला जोडावी लागते, आरसीसीबीच्या आधी. नंतर जोडली तर बिघाडाचा करंट आरसीसीबीतूनच परत जातो, तिला फरक दिसत नाही आणि ती पडतच नाही. आणि बाहेरचा सप्लाय असताना हा जोड सुटलाच पाहिजे. ट्रान्सफर रिले असलेले इन्व्हर्टर-चार्जर हे स्वतः करतात. तुमच्याकडे हाताचा चेंजओव्हर असेल तर तो डबल पोल हवा, न्यूट्रलही पलटणारा. मग जोड कायमचा इन्व्हर्टरच्या बाजूला ठेवता येतो आणि बाहेरच्या सप्लायवर तो आपोआप बाजूला पडतो.

पण मॅन्युअलमध्ये न्यूट्रल अर्थला जोडायची परवानगी स्पष्ट लिहिली असेल तरच. काही स्वस्त इन्व्हर्टरांत दोन्ही वायरी आतूनच डब्याच्या तुलनेत ११५-११५ वर बांधलेल्या असतात. त्यातली एक चासीला लावली की आतले मॉसफेट (स्विचिंगचे ट्रान्झिस्टर) जातात, आवाजासकट. मॉडेल नंबर आणि मॅन्युअलच्या वायरिंगच्या पानाचा फोटो टाका.